कोळशाच्या खोलीचा वारसा

मला फक्त एक कमोड बसवायचा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोक विचारतात, "पण तुमाले नेमकं पायजे काय होतं?" मला नेमका कमोडच पाहिजे होता. साधा, पांढरा, दोन्ही बाजूंना धरायला दांडे असलेला.

तोही माझ्यासाठी नाही, इंदूसाठी. इंदू म्हणजे माझी बायको. तिचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले होते आणि ऑपरेशनला अठरा फेब्रुवारी ही तारीख मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, यापुढे उकिडवं बसायचं नाही, आणि निदान दीड-दोन महिने पायऱ्यांच्या वाटेला जायचं नाही. आमचा संडास अंगणापलीकडे आहे. मागच्या पडवीतून तीन पायऱ्या उतरायच्या, बावीस पावलं चालायचं आणि मग उकिडवं बसायचं. डॉक्टरांनी जे जे नको म्हटलं ते ते आमच्याकडे एका रांगेत बांधून ठेवलेलं.

इंदूने अट घातली. "आधी घरात संडास, मंग गुडघे." मी म्हटलं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हा मी आणि बाबा तिला असंच खुर्चीतून अंगणापार न्यायचो. आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोक बघायचे म्हणून आई डोळ्यांवरून पदर ओढून घ्यायची. इंदूने हे चार महिने पाहिलं होतं. "मले तसं नेलेलं नाही पायजे," ती म्हणाली. "त्यापरीस दुखते ते दुखू द्या." आणि ती भाजी निवडायला लागली, म्हणजे विषय संपला.

जागा तयारच होती. मागच्या पडवीच्या टोकाला मोरी आहे आणि मोरीला लागून कोळशाची खोली. पाच बाय सहाची. तिथे तीस वर्षांत नवा कोळसा आलेला नाही. पण जुन्याचा एक ढीग, मोडका कूलर आणि माझ्या शाळेच्या दिवसांतली सायकल असा ऐवज होता. गंगाधर मिस्त्रीने भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हव साहब, चार दिन के काम हे. मंगलवार ले लग जाबो." विटा आल्या, सिमेंट आलं, कमोडसुद्धा येऊन व्हरांड्यात बसला. मंगळवार तीन दिवसांवर होता. त्या तीन दिवसांत मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण मध्ये रविवार होता, आणि रविवारी जुन्या गावातल्या तात्यापाऱ्यात मराठी मंडळाचा तिळगूळ होता.

रायपुरातल्या मराठी माणसांत दोन जाती आहेत. त्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. एक, नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात आलेले. दुसरे, रेल्वेबरोबर आलेले. आम्ही रेल्वेवाले. आम्हाला इथे येऊन सव्वाशे वर्षं झाली, पण भोसलेवाल्यांच्या लेखी आम्ही अजून फलाटावर सामान मोजत उभे आहोत. मंडळात कोणी कुठल्या रांगेत बसायचं हे ठरलेलं नसतं, तरी अनंतराव पहिल्या रांगेत मधोमध असतात आणि मी खांबाच्या मागे. अनंतराव भोसलेवाले. वय एक्याऐंशी. दर गुरुवारी ते संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात आणि माझ्या घराण्याची कीव करून जातात.

त्या रविवारी त्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं की जुन्या घरांचं सर्वेक्षण सुरू आहे आणि त्यांच्या घरावर वारसा घर म्हणून निळी पाटी लागणार आहे. टाळ्या झाल्या. नंतर तिळगूळ देताना मी सहज म्हटलं, "आमचंही घर एकोणीसशे तेराचं आहे."

"तेराचं?" अनंतराव हसले. "म्हणजे आताचंच की रे चारुदत्त! आणि ते का गावात हाये? तिथं तं तेव्हा कोल्हे ओरडत होते."

हे खरं आहे. माझ्या आजोबांनी घर बांधलं तेव्हा ते गावाबाहेर होतं. आज जिथून शंकर नगर सुरू होतं, तिथे धानाच्या शेतांमध्ये रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या एका कारकुनाने साहेबाच्या बंगल्यासारखं घर उठवलं. कवेलूचं, म्हणजे कौलारू छप्पर, पुढे कमानींचा व्हरांडा, चारही बाजूंना मोकळी जागा. लोक म्हणाले, याला वेड लागलंय. पण खरं असलं म्हणून ते तिळगूळ खाताना चारचौघांत बोलायचं कारण नव्हतं. मी घरी आलो आणि वारसा घराचा फॉर्म काढला.

इथे माझ्या एका दोषाची कबुली दिली पाहिजे. मी चौतीस वर्षं वीज खात्याच्या कचेरीत काढली. इतकी वर्षं मी लोकांचे फॉर्म परत केले, कारण त्यांनी एखादा रकाना मोकळा सोडलेला असायचा. मोकळा रकाना मला बघवत नाही. कोणी नुसती आडवी रेघ मारलेलीही मला चालत नाही. लग्नाच्या आधी इंदूच्या वडिलांनी मागितलेल्या माहितीत 'व्यसन' या रकान्यापुढे मी 'अद्याप नाही' असं लिहिलं होतं. तरी त्यांनी मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

त्या फॉर्ममध्ये अकरा रकाने होते. 'मूळ बांधकामात झालेले बदल' यापुढे मी लिहिलं, 'काहीही नाही. एक वीटही हलवलेली नाही आणि हलवू दिली जाणार नाही.' हे लिहिताना समोर व्हरांड्यात विटांचा ढीग आणि नवा कमोड होता. मला वाटलं, सरकारी काम आहे, वर्ष-दोन वर्षं कोण येतंय?

'घराशी संबंधित थोर व्यक्ती' या रकान्यासाठी आमच्याकडे एक हकीकत आहे. ती बाबा सांगायचे, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितली होती. एकदा भर दुपारी एका थोर पुढाऱ्यांची मोटार आमच्या दारात थांबली. गावात त्यांची सभा होती. ते कोणाशी न बोलता तडक घरात आले, मागच्या लहान खोलीत जाऊन पाव तास एकांतात चिंतन करत बसले, मग मोरीवर हातपाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले, माझ्या आजीला हात जोडले आणि निघून गेले. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण शांती होती, असं बाबा सांगायचे. पुढारी कोण, यावर आमच्याकडे तीन मतं आहेत. मी लिहिलं, 'नाव संशोधनाधीन.' आणि कोळशाच्या खोलीचं नाव 'चिंतन कक्ष' असं टाकलं.

राहिला रकाना 'विशेष बांधणी'. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत, जमिनीला लागून, दीड फुटाचं एक दार विटा लावून बुजवलेलं आहे. ते कशाचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. मोकळं सोडण्यापेक्षा मी लिहिलं, 'क्रांतिकारकांच्या सुटकेचा गुप्त मार्ग.' त्या काळी माणसं सडपातळ होती.

सोमवारी कचेरीत देण्याआधी मी सगळा फॉर्म इंदूला वाचून दाखवला. ती गुडघ्याला तेल चोळत होती. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"चिंतन म्हनता?"

"बाबा तसंच सांगायचे ना."

"हो. ते तसंच सांगायचे," ती म्हणाली आणि तेलाची वाटी उचलून लंगडत आत गेली. मला वाटलं, तिला अभिमान वाटला.

मंगळवारी सकाळी गंगाधरने कोळशाच्या खोलीबाहेर नारळ फोडला, हातोडा उचलला, आणि त्याच वेळी व्हरांड्यातून कोणीतरी किंचाळलं, "थांबा!" पाठीवर सॅक, गळ्यात कॅमेरा अशी एक तिशीतली मुलगी धावत आली. गंधाली तिचं नाव. पुण्याची, जुन्या इमारतींची तज्ज्ञ, सर्वेक्षणासाठी तिला सहा महिन्यांकरता आणलेली. आमचा फॉर्म वाचून तिला रात्रभर झोप लागली नव्हती, असं ती म्हणाली. "काका, सगळ्या शहरात एवढा संपूर्ण भरलेला फॉर्म दुसरा आलाच नाही!"

मी सुखावलो, हे लपवत नाही. दहा मिनिटांनी तिने दारावर नोटीस चिकटवली. अंतिम निर्णय होईपर्यंत घरात कोणताही फेरफार करू नये. चिंतन कक्षात तर खिळाही ठोकू नये. गंगाधरने हातोडा पिशवीत ठेवला आणि फुटलेला नारळ घेऊन तो घरी गेला.

मी कचेरी गाठली. कुठली ते सांगत नाही, कारण तिथले बाबू माझ्याशी अतिशय अदबीने वागले, आणि तोच खरा त्रास होता.

"सर, आपने खुद लिखा है, एक ईंट नहीं हिलने देंगे," बाबू म्हणाले.

"हां, लेकिन मेरी पत्नी के घुटने..."

"और अब आप चिंतन कक्ष में," त्यांनी आवाज खाली आणला, "वो लगवाएंगे?"

मी म्हटलं, मला फॉर्म दुरुस्त करायचा आहे. ते म्हणाले, जरूर. त्यासाठी आधी दिलेली माहिती खोटी होती असं शपथपत्र द्यावं लागेल, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल पुढे जे काय होईल ते त्याच्या नियमाप्रमाणे होईल. दुसरा मार्ग म्हणजे फेरफाराच्या परवानगीचा अर्ज. त्यात 'फेरफाराचे कारण' असा रकाना होता. मी इतकं सविस्तर लिहिलं की बाबूंनी वाचता वाचता चहा बाजूला ठेवला. अर्ज समितीपुढे जाईल असं कळलं. समिती कधी बसते? "बैठती है, सर. जब बैठती है, तब बैठती है."

तोवर सल्ले सुरू झाले होते. शेजारच्या वर्माभाभी म्हणाल्या, "भाईसाहब, कुर्सीवाला कमोड आता है, बेडरूम में रख लीजिए." हे इंदूला सांगायला मी त्यांनाच पाठवलं. त्या दोन मिनिटांत परत आल्या आणि पुढचे आठ दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. आमची मुलगी देवश्री भिलाईला असते. तिच्याशी आम्ही मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते. ती म्हणाली, "पापा, आप लोग फ्लॅट क्यों नहीं ले लेते?" हे ती दर विषयावर म्हणते, माझ्या सर्दीवरही तिने हेच सुचवलं होतं.

गुरुवारी अनंतराव आले. आमच्या व्हरांड्यात सागवानी, भरभक्कम हातांची एक मोठी खुर्ची आहे. आजोबांच्या काळची. तिच्यावर लाल मखमली गादी आहे आणि ती फक्त मानाच्या पाहुण्याला. मी स्वतः तिच्यावर कधी बसलो नाही. अनंतराव तीस वर्षं दर गुरुवारी बसत आलेले आहेत, आणि दर वेळी म्हणतात, "रेल्वेवाल्याच्या घरी एवढी एकच गोष्ट खानदानी हाये." त्या दिवशीही ते बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मी तुझ्याविरुद्ध हरकत दिली, बरं का."

"काहून?"

"ते पुढारी आमच्याकडे आले होते. तात्यापाऱ्यात. आमच्याच पंगतीले जेवले. तुझ्याकडे कायले येतील?" त्यांनी बशीतली शेवटची चकली घेतली. "चिंतन करायचंच असतं तं आमचं देवघर नव्हतं का?"

पुढच्या आठवड्यात मोबाइलवरच्या बातम्या देणारा एकजण येऊन चिंतन कक्षाचं चित्रण करून गेला. 'जहां हुआ था मौन मंथन, वहां बनेगा शौचालय?' असं त्याने वर लिहिलं. तीन दिवसांत लोक यायला लागले. कोणीतरी कोळशाच्या खोलीच्या कडीला झेंडूचा हार घातला. मोडक्या कूलरवर उदबत्ती लागली. एका बाईंनी कोळशाचा तुकडा कपाळाला लावून पर्समध्ये ठेवला. मग कोणीतरी पडवीच्या तोंडाशी पाटी लावली, 'कृपया जूते-चप्पल बाहर उतारें.' आणि कचेरीने मला येणाऱ्यांची नोंदवही ठेवायला सांगितलं. नाव, गाव, येण्याचा उद्देश. ती मात्र मी मन लावून ठेवली. एकही रकाना मोकळा नाही.

या सगळ्यात इंदूला रोज पाच-सहा वेळा त्याच पडवीतून जावं लागायचं. मऊ सपाता घातल्याशिवाय तिला टाच टेकवत नाही. पण बाहेरगावच्या एका गृहस्थांनी तिला, तिच्याच घरात, "माताजी, चप्पल," असं म्हटलं, आणि तिने सपाता काढल्या. त्याच दिवशी उतरताना तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सरकला. मी नोंदवहीत बिलासपूरच्या कोणाचं तरी गाव लिहीत होतो. आवाज ऐकून धावलो तर ती पायरीवर बसलेली, हात भिंतीला, ओठ घट्ट मिटलेले. नशीब, हाड मोडलं नाही. तिला उचलायला मी खुर्ची आणली. तिने खुर्चीकडे पाहिलं आणि चौदा पाहुण्यांच्या देखत, भिंतीला धरून, एकटी उठली.

अठरा फेब्रुवारी आली आणि गेली. डॉक्टरांनी पुढची तारीख एप्रिलची दिली आणि म्हणाले, हीसुद्धा चुकली तर मला काही सांगायला येऊ नका. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. खांबामागची खुर्ची टोचली म्हणून मी फॉर्म भरला होता आणि त्याची वेदना बायकोच्या गुडघ्यांत गेली होती. मी तिला म्हटलं, "मी शपथपत्र देतो. खोटं लिहिलं म्हणून काय करायचं ते करू दे त्यांना."

"काही देऊ नका," ती म्हणाली. "समितीले येऊ द्या."

समिती नऊ मार्चला आली. समिती म्हणजे बाबू, गंधाली आणि हरकतदार म्हणून अनंतराव, वारशाला शोभतील असे कपडे घालून. गंगाधरलाही बोलावलं होतं, कारण भिंत तपासायची होती. अनंतरावांना पायऱ्या नकोत म्हणून त्यांची मानाची खुर्ची व्हरांड्यातून उचलून पडवीत आणून ठेवली. ते बसले. बाबूंनी बूट काढले. गंधालीने बुजवलेलं दार बाहेरून मोजलं आणि आत येऊन मला विचारलं, "काका, यातून माणूस जायचा कसा?"

"सडपातळ," मी म्हटलं.

अनंतरावांनी भाषण सुरू केलं. भोसल्यांपासून. ते अजून स्वातंत्र्याच्या शंभर वर्षं मागेच होते तेव्हा इंदू भिंतीला धरत आतून आली.

"मी बोलू का?" तिने गंधालीला विचारलं, आणि मग म्हणाली, "अनंतकाका, जरा उठता?"

अनंतराव उठले. इंदूने मखमली गादी उचलली. गादीखाली लाकडी फळी होती. तिने फळीही उचलली. खुर्चीच्या बैठकीला मधोमध एक चांगलं मोठं गोल भोक होतं, कडा वापरून गुळगुळीत झालेल्या.

गंगाधरला धंद्यातलं ज्ञान. तो वाकून आत बघत म्हणाला, "ए तो कमोड हे, भौजी!"

"हव," इंदू म्हणाली. "रेल्वेच्या एका साहेबाचं सामान लिलावात निघालं होतं. आमच्या आजेसासऱ्यांनी आनलं. त्याइले साहेबासारखं राहायची हौस. ही कोळशाची खोली नव्हतीच. ही खुर्ची याच खोलीत होती, खाली भांडं असायचं. सासूबाईंनी मले लग्नाच्या वर्षी सांगतलं."

"और वो नेताजी?" बाबूंनी विचारलं. त्यांच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

"मोटारीत त्याइचं पोट बिघडलं होतं. चहूकडे नुसते धानाचे बांध, लोक कामाले लागलेले, आडोसा नाही. मधात हे एक घर. ते धावतच आत आले म्हने. आजेसासूबाई एकट्या होत्या. त्याइनं चेहरा पाहिला, काही विचारलं नाही, ह्या खोलीचं दार दाखवलं. मंग मोरीवर पानी दिलं."

मला बाबांच्या तोंडची विलक्षण शांती आठवली. ती खोटी नव्हती.

"तुम्ही म्हनता तेही खरं आहे, काका," इंदू अनंतरावांकडे वळली. "जेवले ते तात्यापाऱ्यातच. आणि जेवताना त्याइनं बिचाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलं, की रस्त्यात रेल्वेबाबूच्या घरी फार उत्तम सोय झाली. त्याच्यानं सगळ्याइले कळलं, की याच्या घरात चूल आणि संडास एका छपराखाली. दोन वर्षं आमच्या घरचं पानी कोनी पेलं नाही. महालक्ष्म्यांच्या जेवनाले सवाष्ण मिळाली नाही. शेवटी आजेसासऱ्यांनी हार मानली. खोलीत कोळसा भरला, संडास अंगनापार नेला आणि खुर्चीवर गादी शिवली. बहिष्कार कोनी घातला होता ते मी नाही सांगत."

तिने नाव घेतलं नाही, पण अनंतराव कोळशाच्या ढिगाकडे इतक्या बारकाईने बघायला लागले की घ्यायची गरजही राहिली नाही. नंतर त्यांची नजर हळूहळू खुर्चीकडे गेली. तीस वर्षांचे गुरुवार ते मनात मोजत असावेत.

"तू मला हे कधीच का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"सासूबाई म्हनाल्या होत्या, घरातल्या पुरुषाइले सांगू नको. त्याइले घरान्यात कोनी थोर लागतेच." तिने गादी माझ्या हातात दिली. "मले वाटलं होतं, तुम्ही कधीतरी स्वतःच एक रकाना सोडून द्याल."

"लेकिन नाम? उनका नाम तो रहा होगा?" बाबूंनी पुन्हा विचारलं.

"आजेसासूबाईंनी विचारलं नाही," इंदू म्हणाली. "अशा वेळी कोनी नाव विचारते का?"

गंधाली मात्र आनंदाने थरथरत होती. पुढारी गेला याचं तिला काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, गावाबाहेरच्या अशा घरात, एका कारकुनाने, त्या काळात, ही सोय घराच्या आत केली आणि समाजाने ती बुजवायला लावली, याचा एवढा धडधडीत पुरावा तिने कुठे पाहिला नव्हता. "आणि काका, ते लहान दार. त्यातून कोणी पळून गेलं नाही. बाहेरून वाकून भांडं काढून न्यायला होतं ते."

मी त्या दीड फुटाच्या दाराकडे पाहिलं. रोज तिथे येऊन कोण वाकत होतं, त्याची आमच्या घरात एक ओळ नाही, एक दंतकथाही नाही. त्याच दारातून मी क्रांतिकारक काढले होते. मला फार ओशाळल्यासारखं झालं. समितीने फॉर्म दुरुस्त करू दिला तेव्हा त्या रकान्यात मी जे होतं ते लिहिलं, आणि पुढे लिहिलं, 'येथे काम करणाऱ्यांची नावे आमच्या घराण्याने नोंदवली नाहीत.'

आदेश बारा दिवसांत आला. 'मूळ वापराची पुनर्स्थापना करण्यास हरकत नाही.' बाबूंनी हाताने खाली लिहिलं होतं, 'बल्कि उचित होगा.' गंगाधरने पुन्हा नारळ आणला. चार दिवसांचं काम त्याने अकरा दिवसांत केलं, पण केलं. कडीचा हार इंदूने तुळशीत टाकला आणि चपलांची पाटी चुलीत. खुर्ची कचेरीने संग्रहासाठी मागितली आहे. अनंतराव अजूनही गुरुवारी येतात, पण उभ्यानेच चहा घेतात. पाठ दुखते म्हणतात.

एप्रिलमध्ये इंदूचे गुडघे झाले. घरी आली त्या दिवशी ती वॉकर घेऊन खोलीतून निघाली, पडवीतून नऊ पावलं चालली आणि दार लावून घेतलं. मी उगीचच बाहेर उभा होतो. आतून आवाज आला, "तुम्ही जा ना तिकडे." मी गेलो. मला रडू येत होतं, पण व्हरांड्यात वर्माभाभी होत्या.

निळी पाटीही लागली आहे. तिच्यावर घराचं साल आहे आणि खाली 'खासगी निवासातील आरंभीच्या स्वच्छता-व्यवस्थेचे उदाहरण' असं लिहिलं आहे. मंडळात यावर काय बोललं जातं ते मला माहीत आहे. मी आता खांबाच्या मागे आनंदाने बसतो.

परवा, मे महिन्याच्या रखरखत्या दुपारी, दारात एक मोठी गाडी थांबली. पांढरे कपडे घातलेले एक वयस्कर गृहस्थ उतरले आणि लगबगीने फाटकातून आत आले. मागून दोन माणसं धावत होती. वारसा बघायला कोणीतरी मोठं आलं, हे मी ओळखलं. उठून उभा राहिलो, नोंदवही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणालो, "आइए, आइए. यह मकान सन उन्नीस सौ तेरह..."

"अहो," इंदू खिडकीतून म्हणाली. तिने एकदाच त्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. "व्याख्यान राहू द्या. आधी त्याइले मागं जाऊ द्या."

मी बाजूला झालो. ते माझ्याकडे न बघता आत गेले. पाव तासाने आले तेव्हा हात ओले होते. इंदूने दिलेलं तांब्याभर पाणी ते प्यायले, तिला हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले. निळ्या पाटीकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

नोंदवही माझ्यासमोर उघडीच होती. नाव, गाव, येण्याचा उद्देश. मी तारीख लिहिली आणि पेनाचं टोपण लावलं.